‘समजलं का?’ विचारणं मी कसं सोडलं

चिल्काच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात वर्गासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा समोर साठ मुलं होती. डोकी नुकतीच भादरलेली, पांढरे गणवेश अजून अंगाला न सरावलेले. मी फळ्यावर पास्कलचा नियम लिहिला (बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो), हायड्रॉलिक जॅकची आकृती काढली, उदाहरण सोडवलं आणि वळून विचारलं, ‘समजलं का?’ साठ गळ्यांतून एकच आवाज आला, ‘यस सर!’ खिडकीची काच थरथरली. मला वाटलं, छान जमलं.

पंधरा दिवसांनी चाचणी घेतली. पेपर तपासायला बसलो आणि दहा-बारा पेपरांनंतर हात थांबला. फळ्यावर दाबाचं एकक लिहिताना घाईत माझी चूक झाली होती, न्यूटन भागिले मीटरचा वर्ग लिहायचं ते नुसतं न्यूटन भागिले मीटर लिहिलं होतं. ती चूक जशीच्या तशी चाळीसहून जास्त पेपरांत उतरली होती. आकृतीतला बाणसुद्धा त्याच जागी, तसाच जरा वाकडा. मुलांनी फळा पाठ केला होता. त्या फळ्यामागे काही अर्थ आहे, हे मी त्यांच्यापर्यंत पोहोचवलंच नव्हतं.

ही १९९७ सालची गोष्ट. मी नौदलाच्या शिक्षण शाखेत सब-लेफ्टनंट होतो. ही शाखा अनेकांना माहीतच नसते. नौदल म्हटलं की युद्धनौका, पाणबुडी, फार तर विमान. पण जहाजावर पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक नौसैनिकाला गणित, विज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, इंग्रजी कुणीतरी शिकवतं आणि ते शिकवणारे बरेचसे अधिकारी याच शाखेतले असतात. मी तासगावकडचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. आणि सहा महिने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी. वर्तमानपत्रातली जाहिरात वडिलांनीच कापून ठेवली होती. भोपाळला पाच दिवस एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची परीक्षा झाली: पडद्यावर दर पंधरा सेकंदांनी नवा शब्द आणि त्यावर सुचेल ते वाक्य, मैदानात फळ्या, दोर आणि पिंपांचे अडथळे, मुलाखत आणि शेवटच्या दिवशी सगळ्या मंडळासमोर दोन मिनिटांची हजेरी. निवड झाली. पुढचं प्रशिक्षण गोव्यात, वेरे इथल्या आयएनएस मांडवीवर. नौदलाची अकादमी तेव्हा तिथे होती. पहाटे पीटीला उभं राहिलं की नदीपलीकडे पणजीचे दिवे दिसायचे. कवायत, होडी वल्हवणं, पोहणं, दोरांच्या गाठी, सगळं घाईघाईनं अंगात भरलं गेलं. पण शिकवायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही. एम.एस्सी. झालेल्याला ते येतच असणार, असं मीही धरून चाललो होतो.

चिल्का ओडिशात, सरोवराच्या काठाला. देशभरातून भरती झालेला नौसैनिक आधी इथे येतो. बालुगावच्या बाजूने आत शिरलं की एकीकडे टेकड्या आणि दुसरीकडे नजर पोहोचणार नाही एवढं पाणी. हिवाळ्यात त्यावर लाखो परदेशी पक्षी उतरतात. मुलं मात्र ते बघायला मोकळी नसतात. पहाटेपासून रात्रीच्या राऊंडपर्यंत त्यांचा दिवस मिनिटामिनिटाने बांधलेला असतो.

त्या चाचणीनंतर मी अस्वस्थ होतो. वर्गाच्या व्यवस्थेसाठी एक मास्टर चीफ, म्हणजे वरिष्ठ हुद्द्याचे नौसैनिक होते, गुहागरकडचे, पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेले. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

“सर, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“सांगा ना, चीफ.”

“मुलांना ‘समजलं का’ विचारू नका. अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायचं धाडस कुणाला होणार? घरून पहिल्यांदाच बाहेर पडलीत ती. त्यांच्या हातात वस्तू द्या आणि म्हणा, करून दाखव.”

दुसऱ्या दिवशी मी सलाइनच्या नळ्या आणि दोन वेगवेगळ्या जाडीच्या सिरिंज घेऊन वर्गात गेलो. सिकबेमधून, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यातून मागून आणल्या होत्या. पाणी भरून दोन्ही टोकांना सिरिंज लावल्या आणि दोन मुलांना पुढे बोलावलं. लहान सिरिंज धरलेला मुलगा बारीक चणीचा, बीडचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. मोठी सिरिंज धरलेला हरियाणाचा, खांदे एवढे रुंद. म्हटलं, ढकला. बीडच्या पोराने अंगठ्याने ढकललं आणि हरियाणाच्या पोराचा हात मागे सरकला. वर्गात एक क्षण शांतता आणि मग एकच गलका. पहिल्यांदाच कुणीतरी न विचारता हात वर केला, “सर, फिर से?” एकेक करत साठही मुलांनी ते करून पाहिलं. तास संपला तेव्हा फळा कोरा होता.

शिक्षक म्हणून माझी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो.

पुढे कोचीला गेलो. नौदलाच्या प्रशिक्षणाचा सगळा कारभार दक्षिण कमांडकडे आहे आणि शिकवणाऱ्यांना शिकवणारी संस्थाही तिथेच आहे, नेव्हल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनल अँड ट्रेनिंग टेक्नॉलॉजी. नाव लांबलचक, पण तिथे शिकलेली गोष्ट अगदी साधी. पाठाचा उद्देश लिहिताना ‘जाणेल’ आणि ‘समजेल’ ही क्रियापदं वापरायची नाहीत. ‘बंद करेल’, ‘जोडेल’, ‘बांधेल’, ‘मोजेल’ अशी, डोळ्यांना दिसणारी क्रियापदं लिहायची. मग त्यापुढे तीन गोष्टी: कोणत्या परिस्थितीत, किती वेळात, किती अचूक. ‘विद्यार्थ्याला बोलाइन गाठीची माहिती होईल’ हा उद्देशच नव्हे. ‘अंधारात, ओल्या दोराने, स्वतःच्या कमरेभोवती, दहा सेकंदांत, न सुटणारी बोलाइन बांधेल’ हा उद्देश. गुहागरच्या मास्टर चीफनी टेबलाशी उभं राहून एका वाक्यात सांगितलेलं, ते इथे शास्त्र म्हणून समोर आलं. एवढं साधं शास्त्र आपल्या शाळाकॉलेजांत पोहोचायला हवं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. त्याची किंमत एका मुलाने मोजली.

मी तेव्हा एका किनारी आस्थापनेत होतो. आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचा लेखी भाग माझ्याकडे होता. तेलाच्या आगीवर पाण्याची सरळ धार मारायची नाही, जळतं तेल उसळून पसरतं, नोझल फिरवून फवारा करायचा, हे मी शिकवलं होतं. परीक्षेत एका मुलाने दहापैकी नऊ गुण मिळवले. उत्तर सुंदर लिहिलं होतं, मी वर्गात वाचूनही दाखवलं. दोन दिवसांनी मैदानात खरी आग पेटवली तेव्हा होजच्या तोंडाशी तोच होता. धूर झाला, इन्स्ट्रक्टर ओरडला, मुलगा गडबडला आणि नोझल उलट्या बाजूला फिरलं. सरळ धार तेलाच्या ताटात बसली, ज्वाला उसळली आणि मागे वळली. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा हात भाजला. दोन आठवडे तो सिकबेमध्ये होता.

मी रोज जायचो. तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं, नोझल याआधी कधी हातात घेतलं होतंस का? म्हणाला, “नहीं सर, फोटो देखा था.” मी त्याला नऊ गुण दिले होते. कशाचे दिले होते? हात बरा झाला, मुलगा पुढे जहाजावर गेला. त्या दिवसानंतर मी जिथे जिथे प्रशिक्षणाचा प्रमुख होतो तिथे एक नियम कायम ठेवला: ज्या हाताने ते उपकरण आधी थंडपणे वीस वेळा हाताळलेलं नाही, तो हात आगीसमोर जाणार नाही. वेळापत्रक कितीही घट्ट असो. यासाठी वरिष्ठांशी वाद झाले, दोनदा बॅचचं वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

लोणावळ्याची बदली आली तेव्हा घरच्यांना सगळ्यात जास्त आनंद झाला. आयएनएस शिवाजी म्हणजे भुशी धरणाच्या रस्त्यावरचं नौदलाचं केंद्र. पर्यटकांच्या गाड्या तिच्या फाटकावरून टायगर पॉइंटकडे जातात, पण आत काय चालतं ते क्वचितच कुणाला ठाऊक असतं. १५ फेब्रुवारी १९४५ पासून तिथे जहाजाची इंजिनं चालवणारी माणसं घडतात. समुद्र डोंगराखाली कितीतरी लांब, पण पाऊस असा की जुलैत कपडे वाळत नाहीत. ‘कर्मसु कौशलम्’ हे तिथलं बोधवाक्य. माझ्या कामाला याहून नेमके शब्द नसते सापडले.

तिथे मी जहाजाच्या स्थैर्याचं गणित शिकवायचो. त्यातला एक भाग मुलांना कायम अवघड जायचा. जहाजाला आग लागली की विझवायला पाणी मारतात आणि ते डेकवर साठतं. वजन वाढतं, हे मुलांना पटतं. पण खरा धोका वजनाचा नसतो, ते पाणी मोकळं असतं याचा असतो. जहाज ज्या बाजूला कललं त्या बाजूला पाणीही धावतं आणि ते आणखी कलवतं. याला फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात. न्यूयॉर्कच्या धक्क्याला बांधलेलं नॉर्मंडी हे अवाढव्य जहाज फेब्रुवारी १९४२ मध्ये असंच उलटलं, आग विझवायला ओतलेल्या पाण्याने. मी हे शिकवत असतानाच, फेब्रुवारी २००६ मध्ये, तांबड्या समुद्रात इजिप्तची एक प्रवासी फेरी आगीनंतर पाणी साठून बुडाली आणि सुमारे हजार माणसं गेली. वर्गात बातमी वाचून दाखवली. मुलं गंभीर झाली. पण चेहऱ्यावरून दिसत होतं, चित्र डोळ्यांसमोर उभं राहत नाहीये.

त्या रविवारी मी लोणावळ्याच्या बाजारात गेलो आणि एक मोठी पितळी परात घेतली. दुकानदाराने विचारलं, किती माणसांची कणीक मळायची? सोमवारी परातीत दोन बोटं पाणी घातलं, एका मुलाच्या दोन्ही हातांत दिली आणि म्हटलं, वर्गाच्या या टोकापासून त्या टोकाला जा. तिसऱ्या पावलाला पाणी डावीकडे धावलं. त्याने सावरायला उजवीकडे कलवली, तर सगळं पाणी उजवीकडे. पाचव्या पावलाला बूट भिजले. मग तेवढंच पाणी झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरलं आणि तो डबा परातीत ठेवला. वजन तेच, मुलगा सरळ चालत गेला. एकाने लगेच विचारलं, “सर, मग पाण्यात मध्ये भिंत घातली तर?” मला हवा होता तो हाच प्रश्न. वर्कशॉपमधून चौकोनी ट्रे करून आणला, मधोमध काढता-घालता येणारा पत्र्याचा पडदा. एक पडदा घातला की परिणाम चौथा हिस्सा होतो, कारण तो रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. ते गणित मुलांनी मग स्वतःच, मागे लागून, माझ्याकडून करून घेतलं. आधी हाताला जाणवलं, मग डोक्याने हिशेब मागितला. हा क्रम उलटा केला की शिकवणं फुकट जातं, असं माझं अनुभवाने झालेलं ठाम मत आहे.

ती परात पुढे प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर गेली. बायको म्हणायची, स्वयंपाकघरात मला कधी मिळणार? मिळाली नाही.

पुन्हा लोणावळ्याला आलो तेव्हा मी कमांडर होतो. आता तिथे डॅमेज कंट्रोलचा सिम्युलेटर होता, गोवा शिपयार्डने बांधलेला. जहाजाच्या पोटातल्या खोल्यांची ती हुबेहूब प्रतिकृती, लोखंडी आणि डोलणारी. भिंतीला भोकं, फाटलेले सांधे, तुटलेले पाइप. आत टीम उतरवायची, दार बंद करायचं, दिवे घालवायचे आणि पाणी सोडायचं. डिसेंबरमध्ये ते पाणी हाडात शिरतं. मी काचेतून बघायचो. पहिल्यांदा उतरलेली टीम नेहमी सारखंच करते: सगळे सगळ्यात मोठ्या भोकाकडे धावतात आणि एकमेकांवर ओरडतात. पाणी गुडघ्याला येतं, कमरेला येतं. मग एखादा, बहुतेक वेळा वर्गात सगळ्यात गप्प असणारा, लाकडी पाचर उचलतो, तिला कापड गुंडाळतो, भोकात बसवतो आणि हातोड्याने ठोकायला लागतो. ठक, ठक, ठक. त्या आवाजावर बाकीचे भानावर येतात. कुणी गादीची पट्टी दाबून धरतं, कुणी टेकू लावतं. पाण्याचा आवाज कमी होत जातो.

बाहेर आल्यावर कुडकुडत उभ्या असलेल्या त्या मुलांना मी कधीच विचारलं नाही, समजलं का. ‘दुसऱ्या मिनिटाला तू कुठे होतास?’ एवढं विचारायचो. प्रत्येकजण आपलं सांगायचा, चूकही स्वतःहून सांगायचा. शिक्षा होणार नाही ही खात्री असली की मुलं विलक्षण खरं बोलतात.

ती खात्री देणं हे प्रशिक्षण चालवणाऱ्याचं पहिलं काम आहे, असं मी इन्स्ट्रक्टरांच्या प्रत्येक तुकडीला सांगायचो आणि त्यासाठी १९४६ ची आठवण द्यायचो. मुंबईत कुलाब्याला तलवार ही नौदलाची संदेशवहन शिकवणारी आस्थापना होती. १८ फेब्रुवारीला तिथल्या नौसैनिकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न हे एक कारण होतं आणि कमांडिंग ऑफिसर किंग यांची शिवीगाळ हे दुसरं. बघता बघता जवळपास २० हजार नौसैनिक त्या उठावात उतरले. त्यामागे स्वातंत्र्याची ओढ होतीच. पण ठिणगी पडली ती शिकवण्याच्या जागी, आणि शिकणाऱ्यांशी माणसासारखं न बोलल्यामुळे. कडक असा, मी सांगायचो, चुकीला चूक म्हणा. पण मुलाच्या गावाचा, भाषेचा, आईबापाचा उद्धार तुमच्या तोंडून निघाला की त्या क्षणापासून तो तुम्हाला फक्त ‘यस सर’ म्हणेल आणि समुद्रावर त्या ‘यस सर’चा काही उपयोग नाही.

मधली वर्षं एळिमलाला गेली. केरळमध्ये कण्णूर जिल्ह्यात समुद्राकाठी नौदलाची आताची अकादमी आहे, जानेवारी २००९ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिथे अधिकारी घडतात, बी.टेक. करतात. तिथलं काम आनंदाचं होतं, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते शेवटच्या वर्षांबद्दल.

२०२२ मध्ये अग्निवीरांच्या भरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा मी अभ्यासक्रम आखणाऱ्यांत होतो. नौसैनिकाचं सुरुवातीचं प्रशिक्षण जेमतेम चार महिन्यांत बसवायचं होतं. आम्ही प्रत्येक विषय तीन रकान्यांत मांडला: आलंच पाहिजे, आलं तर बरं, नंतर जहाजावर येईल. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक शाखेचा अधिकारी आपला विषय पहिल्या रकान्यात ढकलतो. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो, की तास कमी झाले तरी हाताने करायचे तास कमी करू नका, भाषणं कापा. पोहण्याचा तर एक मिनिटही सोडला नाही. राजस्थानातून, विदर्भातून आलेल्या कितीतरी मुलांनी छातीएवढं पाणी आधी पाहिलेलं नसतं. त्यांची वेगळी तुकडी करतात, पहाटे सगळ्यांच्या आधी. काठाची पकड सुटायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. तिथे घाई केली तर पाण्याची भीती जन्मभर बसते.

२८ मार्च २०२३ ला पहिल्या तुकडीचं संचलन चिल्कालाच झालं, सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात. सुमारे २६०० जण आणि त्यांत २७३ मुली. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्याच केंद्रात चुकीचं एकक फळ्यावर लिहिलं होतं. संचलनानंतर एक साताऱ्याची मुलगी आईवडिलांना घेऊन आली. वडिलांनी हात जोडले आणि विचारलं, “साहेब, आमची पोरगी काय काय शिकली?” मी उत्तर देणार तेवढ्यात तिने वडिलांचा खांद्यावरचा टॉवेल काढला, पाठीमागे हात नेऊन न बघता बोलाइन बांधली आणि त्यांच्या हातात दिली. “ओढा, आबा. सुटत नाही.” ते ओढत राहिले.

निवृत्तीच्या आधी कार्यभार सोपवायला बसलो. माझ्या जागी येणारी लेफ्टनंट कमांडर शिक्षण शाखेचीच, पुण्याची. महिलांना नौदलात अधिकारी म्हणून १९९२ मध्ये ज्या मोजक्या शाखांत घ्यायला सुरुवात झाली त्यांत आमची एक, आणि माझ्याहून उत्तम शिकवणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या. फायली झाल्या, चाव्या झाल्या, परीक्षांची रजिस्टरं झाली. शेवटी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून परात काढून टेबलावर ठेवली.

“सर, ही कशासाठी?”

मी काही सांगितलं नाही. पाण्याचा जग घेतला, परातीत दोन बोटं पाणी ओतलं आणि परात तिच्या हातांत दिली.

“दारापर्यंत जाऊन या.”

ती उठली. तिसऱ्या पावलाला पाणी डावीकडे धावलं.